सोन्याचं पाणी घेऊन सातपुड्यात

कुठेही जायचं असलं की मी तीन याद्या करते: न्यायच्या वस्तू, भेटायची माणसं आणि बिघडू शकतील अशा गोष्टी. नंदुरबारच्या वेळी तिसरी यादी सर्वांत लांब झाली. गाडी उशिरा पोहोचेल, वीज जाईल, बाटल्या फुटतील, प्रोजेक्टरची वायर बसणार नाही. यातलं काही म्हणजे काहीही झालं नाही. जे बिघडलं ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आधी मी कशाला गेले ते सांगते. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी प्रयोगशाळेची व्यवस्था पाहते. आमच्याकडे सोन्याचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, इतके बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो शेजारी शेजारी बसतील. हे कण कर्करोगाच्या पेशीत शिरतात. आत काय चाललंय ते चकाकीतल्या फरकाने कळवतात. आणि बाहेरून ठरावीक प्रकाश टाकला की तेच कण तापतात आणि ती पेशी मरते. हे सगळं अजून काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर चाललंय. माणसांपर्यंत पोहोचायला वेळ आहे, हे मी प्रत्येकाला पहिल्याच वाक्यात सांगते, म्हणजे नंतर कोणी आशेने फोन करत नाही.

माझ्याकडे दोन कामं होती. एक, शहाद्याजवळच्या लोणखेड्याच्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांना असे कण करून दाखवायचे. दोन, तिथूनच एम.एस्सी. झालेल्या ललिता पावराला शोधायचं. आमच्या प्रकल्पावर दोन वर्षांसाठी तिची निवड झाली होती. मुलाखत फोनवर झाली होती आणि फार छान झाली होती. पत्र पाठवलं, आणि त्यानंतर तिच्याकडून एक शब्द नाही. सोमवारपर्यंत तिचा होकार आला नाही तर जागा यादीतल्या दुसऱ्या नावाला जाणार होती. ती यादी माझ्याच टेबलावर असते.

लोणखेडा, पहिला दिवस

होळी होऊन चार दिवस झाले होते. नंदुरबार सोडताना रस्त्याकडेला मिरचीच्या शेवटच्या पथाऱ्या दिसल्या, जमिनीवर लाल चादरी अंथरल्यासारख्या. बसमधले सगळे एकदम शिंकले आणि एकदम हसले. प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडली की केळी आणि पपईच्या बागा सुरू होतात, त्या लोणखेड्यापर्यंत सोबत करतात.

महाविद्यालयाच्या दारातच प्रयोगशाळेचे परिचर भिका अण्णा उभे होते. पांढरी टोपी, खिशात दोन पेन.

“या ताई, या. पुनाथाईन उनात ना? पहिले चा पी ल्या, मंग सोनं काढा.”

चहा झाला. अण्णांनी चाळीस चंबू टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते आणि ते खरोखर लखलखत होते. “दोन दाव धोयात मी सोता,” ते म्हणाले. “देखा, कसा चमकी ऱ्हायनात!” मी यादीत काचसामानावर बरोबरची खूण केली.

कृती सोपी आहे. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळायचं, त्यात सायट्रेटचं द्रावण घालायचं आणि थांबायचं. पिवळेपणा जातो, पाणी क्षणभर करडं होतं आणि मग द्राक्षाच्या रसासारखं लाल. हा लाल रंग म्हणजेच सोन्याचे सुटे सुटे गोल कण. पंचवीस वर्षं मी हे पाहतेय, तरी तो लाल रंग उगवताना माझा हात आपोआप छातीशी जातो.

त्या दिवशी लाल रंग आला आणि पाच मिनिटांत गेला. एकामागोमाग एक चंबू जांभळे, मग निळसर, मग धुतलेल्या पाटीसारखे करडे झाले. पोरं माझ्याकडे पाहू लागली. विभागप्रमुख चौधरी सर खिडकीकडे पाहू लागले. मी सायट्रेट तपासलं, तापमान तपासलं, बाटल्यांवरच्या तारखा तपासल्या.

मागच्या टेबलावरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, माझा लाल आहे.”

खरंच होता. मी विचारलं, “काय वेगळं केलंस?”

“मी माझा चंबू परत धुतला. तळाशी पांढरी कड दिसली म्हणून. शुद्ध पाण्याच्या कॅनमधून.”

सगळ्यांचे डोळे अण्णांकडे वळले. माझ्या सूचनेप्रमाणे त्यांनी चंबू शुद्ध पाण्याने धुतलेच होते. पण पाहुणी पुण्याहून येणार, धूळ नको, म्हणून सकाळी त्यांनी प्रेमाने आणखी एकदा धुतले, आणि ते बोअरच्या पाण्याने.

“मन्हा काय गुन्हा ताई?” अण्णा कळवळून म्हणाले. “धोयं ते धोयं! बोअरनं पानी खारं शे, त्याले मी काय करू?”

हशा इतका मोठा होता की शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली. आणि मला एकदम सुचलं की माझ्या पुढच्या तासाचा विषय या करड्या चंबूंमध्येच आहे. मी फळ्यावरचं सगळं पुसलं. कण सुटे असले की पाणी लाल. मिठामुळे ते एकमेकांना चिकटले की निळं. म्हणजे पाण्यात मीठ आहे हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, आणि कणांनी ते रंगाने सांगितलं. पेशीच्या आत आम्ही वेगळ्या खुणा वापरतो. पण तत्त्व हेच: आजूबाजूचं बदललं की कणाने ते आपल्याला दाखवायचं.

“अण्णा, अर्धी कार्यशाळा तुम्हीच घेतलीत,” मी म्हटलं.

त्यानंतर दिवसभर अण्णा प्रत्येक आल्यागेल्याला थांबवून सांगत होते, “मन्हामुये समजनं ना पोरेसले!”

लाल चंबूवाल्या मुलीचं नाव मी विचारलं. ती ललिता पावरा होती. शिक्षण संपलं होतं, पण कार्यशाळेचं कळल्यावर धडगावकडच्या पाड्यावरून पहाटेची जीप पकडून आली होती.

दुपारी पायरीवर बसून तिने एका दमात सांगितलं. तिला यायचं होतं. पत्र उशीखाली होतं. पण घरून नकार होता. तिच्या काकांना घशाचा कर्करोग झाला होता, सहा वर्षांपूर्वी. सुरतेला शेक, म्हणजे किरणोपचार, दिला. काका वाचले, पण मान भाजून काळी पडली आणि तोंडातली लाळ कायमची गेली. त्या वेळी वडील तिथे दारात बसून होते.

“बाबा म्हणतात, जिथे माणसाला आतून भाजतात तिथे पोरीला नाही पाठवणार.”

“पण तू सज्ञान आहेस. सही तुझीच लागते.”

“सही करीन, मॅडम,” ती म्हणाली. “पण मग होळीला घरी कुठल्या तोंडाने येऊ?”

मी वही काढली आणि परतीचं आरक्षण रद्द करण्याची नोंद केली.

रात्रीचं जेवण चौधरी सरांकडे होतं. हिरव्या वांग्यांचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला “वाढू का?” असं विचारतात. इथे विचारत नाहीत. ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून वाढतात. भरीत तीनदा घेतलं. सरांची बायको म्हणाली, “डोंगरात चालल्यात ना? मंग खाई ल्या.”

पाड्यावर, दुसरा दिवस

म्हसावद मागे पडलं की जीप चढू लागते आणि भाषा बदलते. खाली अहिराणी होती, आता आजूबाजूला पावरी. जीपमध्ये ऊसतोडीवरून होळीला परतलेली माणसं होती, कोणाच्या कानामागे अजून रंग, कोणाच्या पायात घुंगरांचे वळ. उतारावर पळस पेटल्यासारखे फुलले होते.

इथली घरं एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकडीवर. शेजाऱ्याला हाक मारायची तर तोंडाशी हात धरून. माझ्या इमारतीत वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली तरी मला कळतं, आणि त्यांचं नाव मात्र माहीत नाही. इथे ललिता चालता चालता समोरच्या तीन टेकड्यांवरच्या घरांची नावं सांगत होती, त्यांच्या म्हशींसकट.

घरासमोर खाट टाकलेली होती. ललिताचे वडील खेमाभाऊ उंच, शांत, डोळ्याला डोळा न भिडवणारे. काका गुलाबभाऊ बुटके आणि अखंड बोलणारे, हातात पाण्याचा तांब्या. त्यांच्या मानेवर एका बाजूला कातडं गडद आणि ताणलेलं होतं. मी पाहतेय हे त्यांनी पाहिलं.

“बघा बाई, बघा. सुरतचा शिक्का आहे,” ते म्हणाले. “मला दर घासाला पाणी लागतं. लोक म्हणतात, गुलाबला जेवायला बोलवा पण विहिरीजवळ बसवा.”

जेवणात ज्वारीची भाकरी आणि आमचूर घातलेली उडदाची डाळ होती. ती आंबट डाळ मी घरी आल्यावर दोनदा करून पाहिली. जमली नाही.

मग शेजारच्या टेकड्यांवरून माणसं आली. इथे असा निर्णय घरात एकट्याने करत नाहीत. चार घरची मोठी माणसं बसतात, बायका मागे बसतात आणि मागूनच जास्त बोलतात. ऊन कलत होतं. मी सात मुद्दे लिहून आणले होते. पहिला मुद्दा: सोनं. मी पिशवीतून बाटली काढली, आदल्या दिवशीचं ललिताचं लाल पाणी, आणि ती उन्हात धरली.

“हे सोनं आहे.”

ललिताच्या आईने मागून काहीतरी म्हटलं आणि सगळे खदखदून हसले. ललिताने ओठ दाबून भाषांतर केलं. “आई म्हणते, एवढ्या लांबून रंग आणलात? होळी तर झाली.”

बाटली हातोहात फिरली. एका म्हातारीने ती हलवून पाहिली आणि पळसाच्या फुलांचं पाणी याहून बरं निघतं असा निकाल दिला. तिच्या गळ्यात चांदीचा जाड हार होता. तिने विचारलं की सोनंच का, चांदी का नाही? चांगला प्रश्न होता. मी सांगितलं, चांदीचे कणही करतात. पण चांदी पेशीला त्रास देऊ शकते. सोनं शांत असतं, सांगेपर्यंत काही करत नाही.

ललिताने ते सांगितल्यावर म्हातारी म्हणाली, “म्हणजे काम न करता बसून राहतं. म्हणून शहरातल्यांना आवडतं.”

दुसऱ्या मुद्द्यापासून सातव्यापर्यंत मी नीट बोलले. हे कण गोल आहेत, आमच्याकडचे खरे कण लांबट असतात, म्हणजे कातडीतून आत जाणाऱ्या प्रकाशाने ते चांगले तापतात. सगळे ऐकत होते. कोणापर्यंतही काही पोहोचत नव्हतं, हे मला चौथ्या मुद्द्यालाच कळलं होतं. तरी यादी होती म्हणून संपवली.

मग खेमाभाऊ पहिल्यांदा बोलले. मराठी सावकाश, प्रत्येक शब्द तपासून.

“बाई, मी शिकलेला नाय. एक विचारू? भावाला शेक दिला तेव्हा डॉक्टर भिंतीच्या मागे उभा. आत भाऊ एकटा. मानेला किती लागतंय, कोण बघत होतं?”

“मोजमाप आधी ठरवलेलं असतं, भाऊ. आणि त्यानेच काका वाचलेत.”

“वाचला. मी नाय म्हणत नाय.” त्यांनी भावाच्या मानेकडे पाहिलं. “पण तुमच्या कामात कोण बघतं? आत किती तापलं, कोण बघतं?”

“तोच कण बघतो,” मी म्हटलं. “जो तापतो तोच सांगतो. त्याच्या टोकाला एक पदार्थ लावलेला असतो, गरम झाला की त्याची चकाकी बदलते. ती पाहून आम्ही प्रकाश बंद करतो. ललिताने करायचं ते हेच काम. चकाकीवर नजर ठेवायची आणि कधी थांबायचं ते सांगायचं.”

“माणसावर कधी करणार?”

“माहीत नाही. कदाचित मी निवृत्त झाल्यावर. कदाचित कधीच नाही.”

त्यांनी मान हलवली. ना होकार, ना नकार. माणसं उठली. गुलाबभाऊ जाताना मला म्हणाले, “उद्या लवकर उठा बाई. मोहाखाली साफसफाई आहे.” ललिता भांडी घासायला गेली, आणि सोमवार एका दिवसाने जवळ आला.

मोहाखाली, तिसरा दिवस

मोहाची फुलं पहाटे गळतात आणि जमिनीवरून वेचतात. खाली वाळलेला पाचोळा असला तर फुलं सापडत नाहीत. म्हणून फुलं पडू लागण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळतात. वारा उठायच्या आत, सकाळीच. हे मी पुस्तकात वाचलं असतं तर एका ओळीत संपलं असतं. पाहिलं ते असं.

घरामागच्या उतारावर त्यांचे चार मोह होते. खेमाभाऊंनी पहिल्या झाडाभोवतीचा पाचोळा ओढून गोल केला आणि बाहेरच्या कडेने आग लावली. ललिताचे आई-बाबा आणि दोन शेजारी ओल्या हिरव्या फांद्या घेऊन चारी बाजूंना उभे राहिले. आग आतल्या बाजूला, खोडाकडे सरकू लागली. गुलाबभाऊ खोडाला टेकून उभे होते, दोन्ही तळवे सालीवर, आग त्यांच्या पायांपासून चार हातांवर.

“हे काय करताहेत?” मी ललिताला विचारलं.

“झाडाचं अंग बघताहेत. साल जास्त तापली तर पुढच्या वर्षी मोह फुलत नाही. काका ‘बस’ म्हणाले की सगळ्यांनी त्याच क्षणी आग मारायची. कितीही पाचोळा राहिलेला असू दे. त्यावर कोणी वाद घालत नाही.”

“नेहमी काकाच?”

“घरातला मोठा. आधी आजोबा होते.”

गुलाबभाऊंचे डोळे मिटलेले होते. बोलणारा माणूस पहिल्यांदाच गप्प दिसला. मग त्यांनी एक शब्द उच्चारला आणि चारी बाजूंनी फांद्या सपासप जमिनीवर पडल्या. आग मेली. धूर वर गेला. झाडाखाली स्वच्छ काळं वर्तुळ, आणि मध्ये खोड, जसंच्या तसं.

खेमाभाऊ माझ्याकडे आले. हातात राखेने माखलेली काठी. त्यांनी आधी जमिनीकडे बोट केलं.

“मी आग लावतो.” मग भावाकडे. “तो हात ठेवतो. दोघं लागतात. तुमचं काल ऐकलं. तुमचा तो बारका, तोच आग लावतो आणि तोच हात ठेवतो. असंच ना?”

मी पंचवीस वर्षं या विषयाची माहितीपत्रकं तपासतेय. एकातही हे इतकं नीट लिहिलेलं नाही.

“असंच,” मी म्हटलं. “अगदी असंच, भाऊ.”

“आणि बस म्हणणारी ही?” त्यांनी ललिताकडे पाहिलं.

“बस म्हणणारी ही.”

ते दुसऱ्या झाडाकडे गेले. पाचोळा ओढला, गोल केला. गुलाबभाऊ सवयीने खोडाकडे निघाले, तर खेमाभाऊंनी पावरीत काहीतरी म्हटलं. गुलाबभाऊ जागीच थांबले. ललिताच्या आईने फांदी खाली टेकवली. शेजाऱ्यांपैकी एकाने हसून काहीतरी टोमणा मारला, आणि ललिताचा चेहरा लाल झाला.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“बाबा म्हणाले, मी उभं राहायचं.” तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली. “आणि तो म्हणाला, हिने एम.एस्सी. केलंय, झाडाला ताप किती ते आकड्यात सांगेल.”

ती खोडाशी गेली. तळवे सालीवर ठेवले, उचलले, थोडे खाली ठेवले. खेमाभाऊंनी आग लावली. पाचोळा या झाडाखाली जास्त होता. ज्वाळ गुडघ्याएवढी चढली आणि सरसर आत सरकली. मी दहा पावलं मागे होते तरी चेहऱ्याला झळ लागत होती. ललिताने डोळे मिटले नाहीत. ती सालीकडे पाहत होती आणि बोटं एक एक करून जागा बदलत होती, वर, खाली, खोडाच्या मागच्या बाजूला.

शेजारी ओरडला. ललिताची आई ओरडली. त्यांना वाटत होतं उशीर झाला. मलाही वाटत होतं. गुलाबभाऊंनी तांब्यातलं पाणी प्यायचं थांबवून तांब्या हातातच धरला होता.

ललिता थांबली. आणखी थांबली. आणि मग म्हणाली, तेच काकांचं एका शब्दाचं बोलणं, पण मोठ्याने.

फांद्या पडल्या. सगळ्यांत जोराने तिच्या आईची.

धूर विरायच्या आधीच गुलाबभाऊ राखेतून चालत खोडाशी गेले. तळव्यांनी साल चाचपली, खालपासून छातीपर्यंत, चारी बाजूंनी. मागच्या बाजूला जास्त वेळ. आम्ही सगळे उभे. मी वहीही काढली नाही.

त्यांनी हात पँटला पुसले आणि भावाकडे वळून काहीतरी बोलले. ते पावरीत होतं, मला कळलं नाही, म्हणून गुलाबभाऊंनी तेच माझ्यासाठी मराठीत परत सांगितलं.

“बाई, मी असतो तर आधीच बस म्हटलं असतं. अर्धा पाचोळा राहिला असता.” त्यांनी खोडावर थाप मारली. “झाड बरं आहे.”

ललिताचे दोन्ही तळवे काळे होते. ती वडिलांकडे पाहत होती, इतर कोणाकडेही नाही.

खेमाभाऊंनी काठी खांद्यावर घेतली. “अजून दोन झाडं आहेत,” ते तिला म्हणाले. “ती करून घे. दुपारची जीप बारा वाजता सुटते, तुझं सामान भरायचंय.”